वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : जुन्या जीपचं ढिलं स्टिअरिंग

प्रश्न : माझ्याकडे महिंद्रची सीजे-३बी आहे, अजून लेफ्ट हँड ड्राइव्ह. स्टिअरिंग जवळजवळ पाव फेरा फिरवल्यावर कुठे चाकं हलू लागतात. गॅरेजमध्ये स्टिअरिंग बॉक्स बदलायला सांगितलं आहे. बदलू का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : इतक्यात नको. या जीपमध्ये बॉक्स आणि चाकं यांच्यामध्ये सात सांधे आहेत : ड्रॅग लिंकची (बॉक्सच्या आर्मपासून पुढे जाणारा दांडा) दोन टोकं, बेलक्रँकचा (त्या दांड्याची हालचाल दोन्ही चाकांकडे वळवणारा फिरता आर्म) शाफ्ट आणि दोन टायरॉडचे (बेलक्रँकपासून चाकांकडे जाणारे दांडे) चार बॉल जॉइंट. त्यापुढे किंगपिनची (ज्या खिळ्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं) चार बेअरिंग आणि शेवटी चाकाची बेअरिंग. प्रत्येक ठिकाणी केसाएवढा प्ले (ढिलेपणा) असला तरी सगळ्यांची बेरीज स्टिअरिंगवर येते आणि दोष बॉक्सच्या माथी बसतो.

तपासायला दोघं लागतात. गाडी जमिनीवरच उभी ठेवा, जॅक लावू नका. चाकांवर भार असला तरच ढिला सांधा उघडा पडतो. एकाने स्टिअरिंग दोन्ही बाजूंना थोडं थोडं, पण झटक्याने हलवायचं. दुसऱ्याने खाली झोपून एकेका सांध्यावर बोट ठेवायचं, अर्धं एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. एक भाग हलून दुसरा उशिरा हलला तर बोटाला लगेच कळतं. सुरुवात चाकाकडून करा आणि बॉक्सकडे मागे या. बॉक्स जिथे चासीला बोल्टने आवळलेला असतो तिथेही बोट ठेवा. बोल्ट सैल असले किंवा चासीला तडा गेला असला, तर अख्खा बॉक्सच हलताना दिसतो, आणि मग नवा बॉक्स बसवूनही काही फरक पडत नाही.

सगळं ठीक असलेल्या जीपमध्येही स्टिअरिंगच्या रिमवर दोन-अडीच सेंटिमीटर प्ले राहतो. तो शून्यावर आणायच्या मागे लागू नका.

प्रश्न : बेलक्रँकचा किट दोनदा बदलला, तरी तीन-चार महिन्यांत ती पुन्हा ढिली होते. नाना पेठेतून (सुट्या भागांच्या बाजारातून) आणलेला माल खराब असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : किट हलका असू शकतो, पण दोनदा तेच झालं तर आधी शाफ्टची बैठक बघा. बेलक्रँक ज्या शाफ्टवर फिरते तो शाफ्ट ज्या भोकात घट्ट बसायला हवा, ते भोक वर्षानुवर्षांच्या धक्क्यांनी लंबगोल होतं. नवा शाफ्ट त्यात हाताने सरकत असेल, तर तो घट्ट नाही असंच समजा. मग बेअरिंग कितीही चांगली असली तरी शाफ्ट तिरका होतो, भार एका कडेवर येतो आणि बेअरिंग तिथेच खाल्ली जाते.

अशा वेळी शाफ्टला वेल्डिंगचे दोन टाके मारून देतात. ते करू देऊ नका. उष्णतेने शाफ्ट वाकतो आणि पुढच्या वेळी निघतही नाही. भोक टर्नरकडून गोल आणि काटकोनात मोठं करून घ्या, त्यात पोलादी बुश (नळकांडं) दाबून बसवा आणि बुश आतून शाफ्टच्या मापाला रीम करा. शाफ्ट दाबानेच आत गेला पाहिजे.

जुना शाफ्ट परत वापरायचा विचार असेल तर त्यावरून नख फिरवून बघा. सुयांच्या बेअरिंगने पाडलेल्या बारीक खाचा नखाला लागल्या तर तो शाफ्ट बाद. ब्रॉन्झ बुशवाला किटही चालतो, मात्र त्याला दर हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस हवंच. निपलमधून ग्रीस भरताना ते दोन्ही टोकांना बाहेर आलं पाहिजे. एकाच टोकाला आलं तर दुसरीकडची वाट जुन्या ग्रीसने बंद झाली आहे, म्हणजे ते टोक कोरडं चाललंय.

प्रश्न : ड्रॅग लिंक उघडली तेव्हा स्प्रिंग, वाट्या, प्लग सगळं एकत्र खाली पडलं. कुठला भाग कुठे बसवायचा आणि किती आवळायचं?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इथला क्रम चुकला तर नव्या भागांचाही उपयोग होत नाही. दोन्ही टोकं सारखी दिसतात, पण आतली मांडणी उलट असते. आतून बाहेर क्रम असा. पुढचं, म्हणजे बेलक्रँककडचं टोक : आधी सेफ्टी प्लग, मग स्प्रिंग, मग वाटी, बॉल, दुसरी वाटी आणि शेवटी स्क्रूचा प्लग. मागचं, म्हणजे पिटमन आर्मकडचं (बॉक्समधून निघणारा आर्म) टोक : आधी वाटी, बॉल, दुसरी वाटी, मग स्प्रिंग, सेफ्टी प्लग आणि शेवटी स्क्रूचा प्लग. अशा मांडणीमुळे रस्त्याचा धक्का पुढून येवो वा मागून, एक ना एक स्प्रिंग तो झेलते आणि बॉक्सपर्यंत तो जोरात पोचत नाही.

आवळताना पुढचा प्लग बॉलला घट्ट टेकेपर्यंत आत न्या आणि अर्धा फेरा मागे घ्या. मागचा प्लगही घट्ट टेकवा, पण पूर्ण एक फेरा मागे घ्या. मग स्प्लिट पिन, आणि ती नवीच. प्लग घट्ट ठेवला तर बॉल अडकतो, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ होत नाही आणि शेवटी बॉलची मान झिजते. बॉल स्वतः अंडाकृती झाला असेल, तर वाट्या बदलून भागत नाही. कॅलिपरने दोन दिशांनी माप घ्या.

प्रश्न : बॉक्सच्या बाजूचा स्क्रू आवळला. आता सरळ रस्त्यावर बरं वाटतं, पण वळण घेतलं की स्टिअरिंग तसंच राहतं, हाताने सरळ करावं लागतं.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : स्क्रू जास्त आवळला गेला आहे. लॉक नट सैल करून आधी तो मागे घ्या आणि तोवर गाडी चालवू नका. या रॉस पद्धतीच्या बॉक्समध्ये कॅमच्या (स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाचा खोबणीचा भाग) खोबणीत लिव्हरच्या दोन पिना चालतात. खोबण मुद्दाम अशी कापलेली असते की चाकं सरळ असताना पिना घट्ट बसतात आणि वळणात थोड्या सैल होतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे झीज मध्ये जास्त होते. ती भरून निघायला ही सोय आहे. म्हणून वळणात जाणवणारा प्ले हा दोष नव्हे, आणि तो काढायला स्क्रू आवळला की मध्यावर पिना दाबल्या जातात.

योग्य क्रम असा. ड्रॅग लिंक पिटमन आर्मपासून सोडवा, नाहीतर हाताला खरं काही कळणार नाही. बाजूचा स्क्रू सैल करा. आता कॅम वरखाली हलते का बघा. हलत असेल तर वरच्या कव्हरखालच्या शिम (पातळ पत्र्याच्या चकत्या) एकेक करून काढा. कव्हर आवळल्यावर किंचित ओढ जाणवावी, पण रिम दोन बोटांच्या हलक्या पकडीने फिरली पाहिजे. त्यानंतरच बाजूचा स्क्रू. स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा, फक्त मध्यावरून जाताना अगदी हलकी ओढ लागली की थांबा आणि लॉक नट आवळा.

एवढं करूनही मध्यावर प्ले राहिला, तर पिनांना सपाटी आली आहे. बॉक्स उघडून लिव्हर शाफ्ट बदलावा लागेल आणि त्यासोबत शाफ्टचा बुश आणि ऑइल सीलही. बुश ढिला ठेवून नुसतं सील बदललं तर तेल पुन्हा गळणार. गळतं म्हणून बॉक्समध्ये ग्रीस भरण्याची सवय सगळीकडे दिसते आणि त्याने फार चांगले बॉक्स वाया गेले आहेत. कॅम ग्रीसमध्ये स्वतःपुरती वाट कोरते आणि ग्रीस त्या वाटेत परत येत नाही. पिना कोरड्याच घासतात. गिअर ऑइलच घाला, ९० किंवा १४० ग्रेडचं.

पिटमन आर्म काढायला पुलर वापरा. घणाचा ठोका शाफ्टमधून थेट पिनांवर जातो. काढण्याआधी आर्म आणि शाफ्टवर खुणेची रेघ मारा.

प्रश्न : ५०-६०च्या वेगात खड्ड्यातून गेलं की पुढची चाकं जोरात थरथरू लागतात, ब्रेक मारून जवळजवळ थांबावं लागतं. स्टिअरिंग डॅम्पर बसवू का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : डॅम्पर थरथर दाबतो, कारण काढत नाही. आणि झिजलेला भाग त्याच्या आड आणखी झिजत राहतो. आधी पुढची चाकं उचलून स्टँडवर घ्या. टायर वर आणि खाली धरून हलवा. खुळखुळ जाणवली तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खुळखुळ गेली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. नट चाक जड होईपर्यंत आवळा, फेऱ्याचा सहावा भाग मागे घ्या आणि लॉक करा. ब्रेक दाबूनही राहिली तर किंगपिन.

किंगपिनची बेअरिंग टेपर रोलरची असतात, कोन ११५९० आणि कप ११५२०, दोन्ही बाजू मिळून चार संच. नकल (किंगपिनवर वळणारा, चाक धरणारा भाग) फार थोडाच फिरतो, म्हणून रोलर वर्षानुवर्षं त्याच जागी आपटून कपात खळगे पाडतात. असे खळगे दिसले की नुसत्या शिम काढून उपयोग नाही, कोन आणि कप दोन्ही बदला. शिम ०.००३, ०.००५, ०.०१० आणि ०.०३० इंचाच्या मिळतात. वर किती होत्या, खाली किती होत्या, ते उघडतानाच लिहून ठेवा आणि त्याच प्रमाणात जुळवा. ताण तपासताना फेल्टचं सील लावू नका, टायरॉडही सुटा ठेवा. नकल सगळीकडे सारखा, थोडा जड फिरावा आणि सोडाल तिथे थांबावा.

मग कमानपाटे. पाटे बसले किंवा शॅकल (पाट्याच्या टोकाची झुलती कडी) झिजले की किंगपिनचा मागे असलेला तीन अंशांचा कल कमी होतो आणि गाडी भरकटू लागते. पाटे दुरुस्त करणं उत्तम. पाचर घालायचीच असेल तर किंगपिनचा वरचा भाग मागे झुकेल अशी घाला, पण दोन अंशांच्या पुढे जाऊ नका. नाहीतर पुढच्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसचा कोन बिघडतो.

प्रश्न : टायरॉडचे बॉल जॉइंट घरी बदलता येतील का?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : येतील. चारपैकी दोन उलट्या आट्यांचे असतात, दुकानात तसं सांगूनच घ्या. नट सोडल्यावर बॉलच्या आट्यांवर ठोकू नका. टेपर ज्या डोळ्यात बसतो त्याच्या बाजूला एक जड हातोडा टेकवा आणि समोरून दुसऱ्याने ठोका, टेपर आपोआप सुटतो. जुना जॉइंट किती फेऱ्यांत निघाला ते मोजा आणि नवा तेवढ्याच फेऱ्या आत घ्या. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट पुढेच न्या, मागे कधीच नाही.

शेवटी टो-इन : चाकांमधलं पुढचं अंतर मागच्यापेक्षा १.२ ते २.४ मिलिमीटर कमी हवं. चाक फिरवून टायरच्या मधोमध बारीक रेघ ओढा, गाडी खाली उतरवून थोडी पुढे ढकला आणि मग धुऱ्याच्या उंचीवर मोजा. माप जुळलं की क्लॅम्पचे बोल्ट आवळा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बोल्टची डोकी कुठे घासत नाहीत ना, ते बघा.