जर्मन आडनाव ‘त्साइडलर’ कुठून आलं? सॅक्सनीतून की चेक भागातून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जावयांचं आडनाव त्साइडलर. जर्मनमध्ये ‘त्साइट’ म्हणजे वेळ, म्हणून त्यांच्या घराण्यात पूर्वी कुणी घड्याळजी असेल असं तुम्हाला वाटलं. इंटरनेटवरच्या आडनावांच्या नकाशात सॅक्सनी हा जर्मनीचा पूर्वेकडचा प्रांत गडद दिसतो, पण घरची मंडळी सांगतात की आजोबा १९४६ साली चेक भागातून दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियात आले. मग घराणं मूळचं कुठलं?

मी गेली बरीच वर्षं बव्हेरियातल्या न्युर्नबर्गजवळ राहते. हे आडनाव ज्या कामावरून पडलं ते काम इथल्या जंगलात शेकडो वर्षं चाललं, त्यामुळे ते मला फार जवळचं आहे. उत्तर जरा लांबेल.

आधी घड्याळजी. त्याला जर्मनमध्ये ‘ऊरमाखर’ म्हणतात. यांत्रिक घड्याळं युरोपातल्या शहरांत चौदाव्या शतकात दिसू लागली आणि तोवर जर्मन मुलखात आडनावं रुजायला लागलेली होती. ‘त्साइट’शी इथे फक्त आवाज जुळतो, मूळ वेगळं. त्साइडलर म्हणजे जुन्या जर्मनमधला ‘त्सीडलारी’, रानातल्या उभ्या झाडांत मधमाश्या राखून मध आणि मेण काढणारा माणूस.

आज आपण ज्याला मधमाशीपालन म्हणतो त्याहून हे काम पुष्कळ वेगळं होतं. पेट्या नव्हत्या. जुना, जाडजूड पाइन निवडायचा आणि जमिनीपासून चार-सहा मीटर उंचीवर जिवंत खोडात कुऱ्हाडीने आणि छिन्नीने ढोली कोरायची. इतक्या उंचीवर का, तर अस्वल आणि चोर या दोघांपासून मोहोळ वाचावं म्हणून. ढोलीच्या तोंडावर फळी बसवायची आणि माश्यांना ये-जा करायला बारीक भोक ठेवायचं. पोकळ झालेलं झाड वाऱ्यात मोडू नये यासाठी कित्येकदा शेंडाच छाटून टाकत. मग थवा आपणहून येऊन राहण्याची वाट बघायची. मध काढताना दोराच्या आधाराने वर चढायचं, धुरी द्यायची, फळी काढून पोळ्याचा काही भाग कापून घ्यायचा आणि उरलेला माश्यांना हिवाळ्यासाठी ठेवायचा. प्रत्येकाची झाडं ठरलेली असत आणि खोडावर मालकाची खूण कोरलेली असे. दुसऱ्याचं मोहोळ लुटणाऱ्याला जुन्या कायद्यांत अतिशय कठोर शिक्षा सांगितल्या आहेत.

इतका बंदोबस्त नुसत्या मधासाठी नव्हता. मध्ययुगीन युरोपात साखर श्रीमंतांनाही महाग होती, त्यामुळे गोडासाठी मधच होता, हे खरं. पण मेणाचं मोल समजून घेतल्याशिवाय या लोकांना मिळालेला मान कळत नाही. चर्चमध्ये वेदीवर जळणारी मेणबत्ती शुद्ध मधमाशीच्या मेणाची लागे, आणि चर्च तर गावोगाव होती.

न्युर्नबर्गच्या भोवतीच्या राइश्सवाल्ड या, तेव्हाच्या पवित्र रोमन साम्राज्याच्या खालसा जंगलात हे काम सगळ्यात संघटित झालं. त्या जंगलाला ‘साम्राज्याची मधमाश्यांची बाग’ असंच म्हणत. सम्राट चौथा कार्ल याने १३५० मध्ये इथल्या त्साइडलरांना सनद देऊन त्यांचे हक्क कायम केले. त्यांनी मधाच्या रूपाने कर द्यायचा आणि सम्राटाला गरज पडेल तेव्हा क्रॉसबो घेऊन चाकरीला हजर व्हायचं. त्या बदल्यात जंगलातली झाडं त्यांना वापरायला मिळत, साम्राज्याच्या शहरांमध्ये जकात माफ असे, आणि मोहोळांसंबंधीचे तंटे सोडवायला त्यांचं स्वतःचं न्यायालय होतं. ते फॉइश्त या गावात भरत असे. हक्क माणसाला नसून ‘त्साइडल-गूट’ या विशिष्ट जमिनीला चिकटलेला असे आणि जमिनीबरोबर पुढच्या पिढीकडे जाई. आपल्याकडच्या वतनाची कल्पना डोळ्यांसमोर आणली तर हे नातं चटकन समजेल. फॉइश्तमध्ये आजही त्साइडलरांच्या नावाची गढी उभी आहे आणि त्यांच्या कामावरचं छोटं, फार जिव्हाळ्याने मांडलेलं संग्रहालय आहे. म्युनिकहून न्युर्नबर्गला वेगवान गाडीने तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो, तिथून फॉइश्त लोकल गाडीच्या अंतरावर. लेकीकडे जाल तेव्हा जरूर जा. न्युर्नबर्गचे लेबकुखन, म्हणजे मध घातलेले मसालेदार केक, जगभर जातात. शहरात हा पदार्थ फोफावला त्यामागे बंदरांकडून येणारे मसाले जितके होते, तितकाच भोवतालच्या जंगलातला मधही होता.

ते काम संपलं कसं, हे थोडक्यात सांगते. १३६८ मध्ये पेटर श्ट्रोमर या न्युर्नबर्गच्या व्यापाऱ्याने तुटलेल्या जंगलात सूचिपर्णी झाडांचं बी पेरून नवं रान उभं करण्याचा प्रयोग केला. वनशास्त्रात त्याचं नाव मोठं आहे आणि ते योग्यच आहे, पण लाकडासाठी राखलेल्या जंगलात शेकडो वर्षं वयाची पोकळ झाडं उभी ठेवणं पुढेपुढे कुणाला परवडेना. १५२५ मध्ये न्युर्नबर्गने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला आणि चर्चमधला मेणाचा खप घटला. मग तीस वर्षांचं युद्ध आलं, मग स्वस्त साखर. अठराव्या शतकाअखेर फॉइश्तचं ते न्यायालयही राहिलं नाही.

आता नकाशाकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा खरा गुंता तिथे आहे. आडनाव जिथे दाट दिसतं तिथेच त्या घराण्याचा उगम, असं आपण सहज धरून चालतो. जर्मन धंदेवाचक आडनावांच्या बाबतीत हे गृहीतक फार फसवतं.

सगळं गावच मोहोळं राखणारं असेल तर एखाद्याला ‘त्साइडलर’ म्हणून ओळखायचं कसं? शेजारीही तेच करतो. असं नाव चिकटतं ते जिथे तो धंदा करणारा माणूस एकटादुकटा असतो तिथे, किंवा तो दुसऱ्या गावी जाऊन राहतो तेव्हा. म्युलर हे आडनाव जर्मनीत सगळ्यात जास्त आढळतं ते याच कारणाने: गावागावात पीठ दळणारी एखादीच चक्की असायची. त्साइडलर मात्र मोठी जंगलं आणि राजाचा किंवा जमीनदाराचा परवाना असेल तिथेच शक्य होता, म्हणून आडनाव मुळातच मर्यादित राहिलं. आणि हा धंदा जिथे जोरात होता त्याच ठिकाणी ते दाट असलंच पाहिजे असं नाही. नकाशा सांगतो की नाव कुठे टिकलं. धंदा कुठे होता आणि घराणं कुठून निघालं, हे त्यावरून ठरत नाही.

लेखनाचीही भानगड आहे. फ्रँकोनिया (न्युर्नबर्गच्या बाजूचा मुलूख) आणि सॅक्सनी इथल्या बोलींत ‘ड’ आणि ‘ट’ यांच्या उच्चारात फरक उरत नाही. चर्चच्या नोंदवहीत पाद्री कानाला येईल तसं लिहायचा. त्यामुळे एकाच माणसाचं नाव एका पानावर त्साइडलर तर दुसऱ्यावर त्साइटलर असं सापडू शकतं. साधारणपणे ‘ड’ असलेलं रूप सॅक्सनीकडे जास्त आढळतं, आणि ‘ट’वालं बव्हेरियाच्या ईशान्येला, म्हणजे वरच्या पॅलॅटिनेटमध्ये आणि फिश्टल डोंगरांच्या बाजूला. रेगेन्सबुर्गच्या उत्तरेला त्साइटलार्न नावाचं गाव आहे, त्याच्या नावातही हेच मोहोळवाले आहेत. पुढे एकोणिसाव्या शतकात झालेल्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्म-विवाह-मृत्यू नोंदणी १ जानेवारी १८७६ पासून सुरू झाली आणि तेव्हा कारकुनाने जे लिहिलं तेच स्पेलिंग बहुतेक घरांना कायमचं लागलं. म्हणजे आज वेगळं आडनाव लावणारी दोन कुटुंबं सहा पिढ्यांपूर्वी एकच असू शकतात.

उत्तर जर्मनीत हे नाव मुळात जवळपास नाहीच. तिकडच्या माळरानावर विणलेल्या टोपल्यांमध्ये माश्या पाळत आणि पाळणाऱ्याला ‘इमकर’ म्हणत. तोच शब्द पुढे सगळ्या जर्मनीत रूढ झाला. पूर्वेला, जुन्या प्रशियाच्या बाजूला, ढोलीला ‘बॉइटे’ म्हणत, त्यावरून ‘बॉइटनर’ हे आडनाव झालं. पोलिश लोकांत याच कामावरून ‘बार्टनिक’ आहे. पोलंड आणि बेलारूस इथली झाडावरच्या मोहोळांची परंपरा २०२० मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली गेली, म्हणजे ती कला अजून जिवंत आहे. जर्मनीतही काही लोक त्यांच्याकडून ती पुन्हा शिकत आहेत. मला याचा मनापासून आनंद वाटतो.

या आडनावाची माणसं पुढे कुठवर गेली, त्याची दोन-तीन उदाहरणं देते. फ्रँक त्साइडलर (तिकडे उच्चार झाइडलर) अमेरिकेत मिलवॉकीचे १९४८ ते १९६० महापौर होते. त्या शहरात जर्मन स्थलांतरित फार मोठ्या संख्येने गेले होते. एबरहार्ड त्साइडलर हे लायपझिगमधल्या माक्स प्लांक गणित संस्थेचे पहिले संचालक. आणि ओथमार त्साइडलर या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १८७४ मध्ये एक नवं संयुग तयार केलं, ज्याला आपण डीडीटी म्हणतो. ते कीटक मारतं हे त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. ते पाउल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधलं. तरीही हे आडनाव त्या रसायनाच्या इतिहासात वाचताना मला दर वेळी वाईट वाटतं.

आता तुमच्या जावयांच्या आजोबांकडे वळू.

चेक देशाच्या अगदी उत्तरेला श्लुकनोव्हचा भाग आहे. नकाशात बघा, तो तीन बाजूंनी सॅक्सनीत घुसलेला दिसेल. तिथे ब्रत्निकी नावाचं एक खेडं आहे. त्याचं जर्मन नाव काय होतं? त्साइडलर! चेक भाषेतही ‘ब्रत्निक’ म्हणजे झाडावरची मोहोळं राखणारा. (चेक लोक तपकिरी अस्वलालाही ब्रत्निक म्हणत, कारण मध शोधायला तोही झाडावर चढतोच.) दोन्ही भाषा शेकडो वर्षं शेजारी नांदल्या आणि गावाला दोन्हींत एकाच अर्थाचं नाव राहिलं.

त्यामुळे तुमच्या जावयांचं आडनाव पूर्वजाच्या धंद्यावरून आलेलं असेल किंवा या गावावरूनही. जर्मनमध्ये गावावरून आडनाव करताना बहुधा शेवटी ‘-अर’ लागतो, पण या गावाच्या नावात तो आधीच आहे. गावाहून आलेला त्साइडलर आणि मोहोळं राखणारा त्साइडलर कागदावर अगदी सारखे दिसतात.

आणि घरची गोष्ट नकाशाशी भांडत नाही, हेही यातून कळतं. ब्रत्निकीपासून सॅक्सनीची हद्द काही किलोमीटरवर आहे. लग्नं, बाजार, मजुरी हे सगळं हद्दीच्या आरपार चालायचं. शिवाय आडनावांचे नेहमीचे नकाशे अलीकडच्या जर्मन टेलिफोन डिरेक्टरीवरून केलेले असतात. ते जर्मनीच्या हद्दीवर थांबतात, आणि हद्दीपलीकडचे जवळजवळ सगळे जर्मनभाषक दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५-४६ मध्ये, तिथून हाकलले गेले. एकूण सुमारे तीस लाख माणसं, त्यातली दहा लाखांच्या आसपास बव्हेरियात आली. ज्या पट्ट्यातून आजोबा आले असतील तो पट्टा म्हणूनच नकाशावर कोराच दिसणार. पहिल्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या हताहतांच्या याद्यांमध्ये सैनिकांची गावं दिलेली असतात आणि त्या इंटरनेटवर शोधता येतात, पण तिथेही बोहेमियाचे, म्हणजे आजच्या चेक देशाच्या पश्चिम भागातले, लोक मिळणार नाहीत. ते तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात होते.

माझा सल्ला असा की नकाशा बाजूला ठेवा आणि घरच्यांना आजोबांच्या जन्मगावाचं नाव विचारा. हाकलताना दिलेले कागद, लग्नाचा दाखला, सैन्यातलं पुस्तक, यांपैकी एखादी गोष्ट कपाटात नक्की असते. एक सांभाळा: ही आठवण त्या पिढीला जड जाते, तेव्हा जावयांनाच विचारू द्या. गाव उत्तर बोहेमियातलं निघालं तर तिथल्या चर्चच्या जुन्या नोंदवह्या लितोम्येर्झित्से इथल्या सरकारी अभिलेखागाराने छायाचित्रं काढून विनामूल्य खुल्या केल्या आहेत. सॅक्सनीतलं निघालं तर प्रोटेस्टंट चर्चच्या वह्या बघाव्या लागतील, त्यांच्यातल्या बऱ्याच ‘आर्खिऑन’ या संकेतस्थळावर पैसे भरून पाहता येतात.

वह्या चाळताना आडनाव ‘त्साइटलर’ म्हणूनही शोधा. जुन्या पानांवर सुरुवातीच्या ‘झेड’ऐवजी ‘सीझेड’ लिहिलेलं असतं. बायकांच्या नावापुढे ‘त्साइडलरिन’ असं दिसेल, ते वेगळं आडनाव नाही. ‘साइडलर’ दिसलं तर मात्र जरा थांबा. ते कधी याच नावाचं चुकलेलं लेखन असतं, कधी अगदी स्वतंत्र आडनाव. वडिलांचं नाव आणि घराचा क्रमांक जुळल्याशिवाय ती नोंद आपली मानू नका. बोहेमियातल्या वह्यांत १७७० नंतर घरक्रमांक बहुधा दिलेले असतात, आणि कोणता त्साइडलर कोणत्या घरचा हे ठरवायला त्यांच्याइतका पक्का आधार दुसरा मिळत नाही. गावाचं नाव कळलं की इथेच लिहा. जुन्या जर्मन हस्ताक्षरातली पानं वाचायला मी मदत करेन.