केदारकंठाच्या ट्रेकला बर्फ-वाऱ्याचा अंदाज कुठल्या अ‍ॅपवरचा खरा मानायचा?

तुम्ही लिहिलंय की डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून सहाजण केदारकंठाला, म्हणजे उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातल्या शिखरावर, निघालात, सह्याद्री भरपूर फिरलेले आहात पण हिमालय पहिल्यांदाच. एका अ‍ॅपवर तीन दिवस बर्फ दिसतोय, दुसऱ्यावर लख्ख सूर्य. मग कुणाचं ऐकायचं? मी बरीच वर्षं हिवाळ्यात उत्तराखंड-हिमाचलला जातोय. केदारकंठा तीनदा केलाय, त्यातल्या एकदा शिखर समोर दिसत असताना मागे फिरलोय. तेवढ्या अनुभवावर सांगतो.

दोन्ही अ‍ॅप आपापल्या जागी बरोबर असू शकतात. आधी हे बघा की तो अंदाज कुठल्या उंचीचा आहे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि घाट उतरून वाईला आलं की तो हजाराच्या आत येतो. जेमतेम तीस-बत्तीस किलोमीटरचा रस्ता. आपल्या सह्याद्रीत एवढा फरक, तर तिथे काय होत असेल? अ‍ॅप ज्या जागतिक मॉडेलांवर चालतात ती पृथ्वीचे चौकोन पाडून हिशेब करतात. युरोपच्या मॉडेलचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा, अमेरिकेच्या जीएफएसचा १३ च्या आसपास. तेवढ्या चौकोनात एक अख्खी दरी, दोन डोंगरधारा आणि एक शिखर मावतं, आणि मॉडेल त्या सगळ्याची मिळून एकच सरासरी उंची धरतं.

ट्रेक जिथून सुरू होतो ते सांकरी गाव साधारण १,९५० मीटरवर आहे, शिखर ३,८०० मीटरवर. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे सांकरीत ४ अंश असेल तर वर उणे ८. अ‍ॅपमध्ये नुसतं 'सांकरी' टाइप करून जो आकडा मिळतो तो गावातल्या चहाच्या टपरीचा आहे, तुमच्या शिखराच्या सकाळचा नाही. त्यामुळे नाव टाइप करू नका. नकाशा मोठा करून शिखरावर बोट दाबून ठेवा आणि तिथला अंदाज उघडा. मेटिओब्लू हे हवामानाचं अ‍ॅप त्या जागेची उंचीसुद्धा दाखवतं. ती ३,८०० च्या जवळपास नसेल, तर जेवढे मीटर कमी असतील त्या हिशेबाने तापमान स्वतःच उतरवून घ्या.

आता वाऱ्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नात बर्फाबद्दल चार ओळी आहेत आणि वाऱ्याबद्दल एक शब्द नाही. बहुतेक सगळ्यांचं असंच होतं. बर्फ बघायला जातो आपण, पण मागे फिरवतो तो वारा.

मी परतलो तो दिवस स्वच्छ होता. आदल्या दोन दिवसांत भरपूर बर्फ पडून गेलेला, अ‍ॅपवर पिवळाधमक सूर्य, आभाळ असं निळं की डोळे दुखावेत. बेस कॅम्पवरून पहाटे तीनला निघालो. झाडी होती तोवर काहीच जाणवलं नाही. झाडी संपली आणि उघड्या धारेवर पाऊल टाकलं, तशी वायव्येकडून हवा अंगावर आली. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी दहा मिनिटांत गोठली. पुढच्या माणसाच्या बुटाचा ठसा माझा पाय तिथे पडेपर्यंत बुजलेला असायचा. एका मैत्रिणीने नाक झाकायला मान वळवली तेव्हा विजेरीच्या उजेडात तिच्या गालावर रुपयाएवढा पांढराफटक डाग दिसला. तिला तो जाणवतही नव्हता. आमच्याबरोबरचे गावातले दादा तेव्हाच थांबले. त्यांनी तिचा गाल आपल्या उघड्या तळव्याने झाकून धरला, चोळू दिला नाही, आणि रंग परत येईपर्यंत तसेच उभे राहिले. मग शिखराकडे न बघता म्हणाले, "सर, अब नीचे." आम्ही उतरलो.

सूर्याचं चित्र खोटं नव्हतं. त्या चित्रात वारा नसतो, एवढंच. आणि बर्फ पडून गेल्यावरचा पहिला स्वच्छ दिवस बऱ्याचदा सगळ्यात बोचरा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हिवाळ्यात तिथला बर्फ येतो तो पश्चिमी झंझावातामुळे. तिथल्या हिंदी बातम्यांत त्यालाच पश्चिमी विक्षोभ म्हणतात. भूमध्य समुद्राकडून निघून इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत ही प्रणाली येते. ती यायच्या आधी दक्षिणेकडची, जरा उबदार, दमट हवा लागते. ती डोक्यावर असताना बर्फ पडतो. ती पुढे सरकली की मागून वायव्येची कोरडी, कडक थंड हवा घुसते आणि आभाळ धुतल्यासारखं होतं. तोवर आपण तंबूत दोन दिवस कंटाळलेलो असतो, ऊन बघून हुरळतो आणि निघतो.

उणे १० तापमानात ताशी १० किलोमीटर वारा असेल तर उघड्या कातडीला ते उणे १५ सारखं लागतं. तोच वारा ४० चा झाला की उणे २१. शिवाय वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो, म्हणजे २० आणि ४० मधला फरक कागदावर वाटतो त्याहून फार मोठा आहे. धारेवर आणि खिंडीत तो आणखी वाढतो. तुम्ही पावसाळ्यात नाणेघाटात उलटा धबधबा बघितला असेल. पाण्याला वर उडवणारी हवा खाली वैशाखऱ्यात तेवढी जाणवत नाही, ती कड्यापाशी येऊन चिंचोळ्या जागेत दाबली जाते. केदारकंठाच्या शेवटच्या चढावर तुम्ही तशाच जागी असता, फक्त पाण्याऐवजी बर्फाचे कण असतात.

म्हणून विंडी या वाऱ्याचा नकाशा दाखवणाऱ्या अ‍ॅपवर जमिनीलगतचा वारा बघून थांबू नका. बाजूला उंचीची पट्टी असते, ती वर सरकवा. तिथे उंची हवेच्या दाबात, हेक्टोपास्कलमध्ये दिलेली असते; वर जावं तसा दाब कमी. ७०० हेक्टोपास्कल म्हणजे साधारण ३,००० मीटर, ६०० म्हणजे ४,२०० च्या आसपास, ५०० म्हणजे साडेपाच हजार. केदारकंठासाठी मी ६०० चा थर बघतो आणि तोच शिखरावरचा वारा धरून चालतो. सरासरी वेगाबरोबर झोतांचा आकडाही वेगळा दिलेला असतो. तोल जातो तो झोताने.

माझा नियम: तुमच्यासारख्या नवख्या गटासोबत शिखराच्या थरावर वारा ताशी ३० किलोमीटरपर्यंत असेल तर जायचं, ३० ते ४५ मध्ये गावातल्या माणसाचा शब्द अखेरचा, आणि त्याच्या वर असेल तर त्या पहाटे झोपायचं. हा आकडा पुण्यात असतानाच सहाजणांनी मिळून ठरवा. पहाटे तीनला, बूट घातलेले असताना, कुणाचंच मन 'नको' म्हणत नाही.

बर्फाच्या आकड्याचं सोपं आहे. अ‍ॅप पाणी मिलिमीटरमध्ये देतं. १ मिलिमीटर पाण्याचा साधारण १ सेंटिमीटर बर्फ होतो, कडक थंडीत दीडपर्यंत. पण तो समान पसरून राहत नाही. वारा त्याला एका उतारावरून उचलून आडोशाच्या उतारावर नेऊन रचतो, आणि हिमस्खलनाला असाच रचलेला थर कारण होतो, विशेषतः ३० ते ४५ अंशांच्या चढावर. पाय टाकल्यावर खालून पोकळ 'धुप्प' असा आवाज आला तर तिथून मुकाट्याने मागे या. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था, जिला पूर्वी सासे म्हणत, हिमस्खलनाच्या धोक्याचे इशारे देते. निघायच्या आठवड्यात उत्तरकाशी जिल्ह्यासाठी काय म्हटलंय ते रोज बघा.

आपल्या हवामान विभागाला कमी लेखू नका. देहरादूनच्या हवामान केंद्राच्या पत्रकात बऱ्याचदा उंचीसकट लिहिलेलं असतं, की अमुक मीटरच्या वर हिमवर्षाव. ती ओळ कुठल्याही रंगीत चित्रापेक्षा कामाची. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. केशरी लागला तर मी पुढे न जाता सांकरीतच दिवस काढतो. त्यासाठी परतीच्या तिकिटाआधी एक मोकळा दिवस ठेवा. बहुतेक चुका त्या एका दिवसाच्या कंजुषीतून होतात.

पाच-सहा दिवस आधीचा अंदाज फक्त झंझावात येतोय का एवढ्यासाठी वाचा. तो कुठल्या तासाला पोहोचेल हे शेवटच्या ४८ तासांत कळतं, तेव्हाही अर्धा दिवस पुढेमागे. एकदाच बघून ठरवू नका, रोज त्याच वेळी बघा आणि वहीत लिहा. आकडे रोज एकाच दिशेने सरकत असतील तर मी त्यांना मानतो. रोज उड्या मारत असतील तर मॉडेललाच उमगलेलं नाही असं धरतो. काही संकेतस्थळं जागतिक वेळ दाखवतात, तीत साडेपाच तास मिळवायला विसरू नका.

सांकरीच्या वाटेवरच्या मोरी-नैटवाड गावांच्या पुढे नेटवर्कवर भिस्त ठेवू नका. निरोप न पोहोचल्याने काय होतं ते बघा. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळ १२ तारखेला विशाखापट्टणमला धडकलं आणि दोन दिवसांनी त्याच्या उरलेल्या बाष्पाने नेपाळच्या थोरोंग ला खिंडीत एवढा बर्फ टाकला की त्या परिसरात चाळीसहून जास्त माणसं गेली. वादळ येतंय हे खाली जगाला माहीत होतं. वर चालणाऱ्या अनेकांपर्यंत ते पोहोचलं नाही. आणि हे फक्त हिवाळ्याचं दुखणं आहे असंही समजू नका. जून २०२४ मध्ये तुमच्याच उत्तरकाशीच्या बाजूला, सहस्रतालच्या वाटेवर, २२ जणांच्या गटातले ९ जण खराब हवेत अडकून दगावले. म्हणून घरी असलेल्या एकाला रोज अंदाज बघायला सांगा आणि गाइडच्या फोनवर किंवा बेस कॅम्पला निरोप कसा पोहोचवायचा ते आधीच ठरवून ठेवा.

वर गेल्यावर आभाळच वाचायचं. आपल्याकडे आजी म्हणायची, चंद्राला खळं पडलं की पाऊस जवळ आला. तिथेही तेच: उंचावरच्या पिंजलेल्या कापसासारख्या ढगांचा थर चढत गेला आणि चंद्राभोवती खळं पडलं, तर पुढच्या दिवस-दीड दिवसात हवा बिघडायची शक्यता धरा. शिखरावरून बर्फाचा पांढरा तुरा उडताना दिसला तर वर वारा चिकार आहे, खाली तंबूची दोरीही हलत नसली तरी. घड्याळात उंचीमापक असेल तर झोपताना आकडा लिहून ठेवा. तुम्ही तंबूतच आहात आणि सकाळी घड्याळ ४० मीटर जास्त उंची दाखवतंय, याचा अर्थ हवेचा दाब उतरलाय. मी अशा सकाळी सामान बांधायला घेतो.

नेमकी तारीख आणि कुठल्या पहाटे शिखराचा बेत आहे ते प्रतिक्रियेत लिहा. निघायच्या तीन दिवस आधीपासून ६०० चा थर मी रोज बघेन आणि इथेच कळवेन.