नववीनंतर सुटलेली शाळा: १७ नंबर, एनआयओएस आणि गणिताची भीती

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे मागाहून वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. नववी पास झाल्यावर लग्न झालं आणि शाळा सुटली. आता वय ३४, दोन मुलं, अंगणवाडीत मदतनीस. सेविका व्हायचं तर बारावी मागतात, म्हणून आधी दहावी. १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता राज्य मंडळाची परीक्षा द्यायचा, फॉर्म भरावा की एनआयओएस या केंद्राच्या मुक्त विद्यालयातून बसावं हे कळत नाही, आणि गणितातलं काहीच आठवत नाही. शिवाय दिरांचं वेगळं विचारलंय, ते शेवटी घेते.

मी रात्रशाळेत गणित शिकवते. माझ्या वर्गात अठरा वर्षांचा डिलिव्हरी बॉय आणि पन्नाशीच्या मावशी एकाच बाकावर बसलेल्या असतात. त्या अनुभवावरून आधी उत्तर देऊन टाकते: तुम्ही एनआयओएस घ्या. गणितही जरूर शिका, पण दहावीचा निकाल गणिताला बांधून घेऊ नका.

आता कारणं. १७ नंबर म्हणजे आपल्या राज्य मंडळाची तीच फेब्रुवारी-मार्चची दहावी, फक्त शाळेत न जाता खाजगी विद्यार्थी म्हणून द्यायची. किमान पाचवी पास आणि वय १४ पूर्ण असलं की बसता येतं, वरच्या वयाला मर्यादा नाही. नोंदणी ऑनलाइन होते, मग कागद घेऊन जवळच्या संपर्क केंद्रात, म्हणजे मंडळाने नेमून दिलेल्या शाळेत जायचं. इथे बऱ्याच जणांचं वर्ष हुकतं, कारण ही नोंदणी परीक्षेच्या खूप आधी, साधारण पावसाळ्यातच होऊन जाते. दिवाळीनंतर चौकशीला गेलात तर पुढच्या वर्षावर जातं. तोंडी, प्रात्यक्षिक आणि प्रकल्पाच्या गुणांसाठीही त्याच शाळेत खेपा माराव्या लागतात. हे सगळं जमण्यासारखं आहे. अडचण विषयांची आहे. गणित, विज्ञान आणि इंग्रजी तिन्ही द्यावेच लागतात आणि सगळे विषय एका दमात. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायका पहिल्या फटक्यात चार विषय सोडवतात आणि मग गणित-इंग्रजीत अडकून पडतात. जून-जुलैची पुरवणी परीक्षा असते, पण दोनदा नापास झालं की घरातलेच म्हणायला लागतात, कशाला हवंय आता. त्या बोलण्याने माणूस अभ्यासापेक्षा जास्त थकतो.

एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ मध्ये सुरू झालेलं केंद्र सरकारचं मंडळ, मुख्यालय नोएडाला, विभागीय केंद्र आपल्याकडे पुण्यात. इथली दहावी आपल्या दहावीइतकीच मान्य आहे, कमी दर्जाची नाही. पाच विषय लागतात, त्यात एक किंवा दोन भाषा. पासाला ३३ टक्के. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास. एकदा नाव नोंदवलं की ते पाच वर्षं चालतं आणि तेवढ्यात नऊ संधी मिळतात. पाचही विषय एकदम द्यायची सक्ती नाही. एका वेळी दोन द्या, पास झालेले जमा राहतात. ज्या घरात मुलांची परीक्षा, सासूबाईंचं आजारपण आणि पल्स पोलिओची ड्युटी एकाच महिन्यात येते, तिथे ही सोय लाखमोलाची आहे.

आणि गणित सक्तीचं नाही. मराठी, सामाजिक विज्ञान, गृहविज्ञान, व्यवसाय अध्ययन, चित्रकला असे विषय जुळवता येतात. गृहविज्ञान तुमच्यासाठी मी आवर्जून सुचवेन. पोषण, आहाराचे घटक, बाळाची वाढ, स्वच्छता हे सगळं त्यात आहे, तुम्ही रोज हातानं करता तेच. प्रात्यक्षिकही असतं, ते तुम्हाला जड जाणार नाही. फक्त विषय टाकण्याआधी त्याचं पुस्तक मराठी माध्यमात आहे ना, ते संकेतस्थळावर बघून घ्या. पुस्तकं तिथून फुकट उतरवता येतात.

एक गोष्ट मात्र सैल सोडू नका. प्रत्येक विषयाचा गृहपाठ असतो, त्याला टीएमए म्हणतात, आणि त्याला २० टक्के वजन आहे. तो वेळेत आणि स्वतःच्या अक्षरात द्या. अभ्यास केंद्रावर संपर्क वर्ग, म्हणजे शिकवणीचे तासही होतात. काही केंद्रांवर नीट होतात, काही ठिकाणी नावालाच. नाव नोंदवण्याआधी तिथे शिकून गेलेल्या कुणाला तरी विचारा. एनआयओएसचा तोटा हाच, की रोज समोर उभं राहून विचारणारं कुणी नसतं. त्यामुळे एकट्याने करू नका. तुमच्याच बीटमध्ये, म्हणजे एका पर्यवेक्षिकेखालच्या अंगणवाड्यांत, दहावी राहिलेली आणखी एखादी मदतनीस नक्की असेल, तिला बरोबर घ्या.

बारावीचा हिशेबही आत्ताच मांडून ठेवा. दहावी आणि बारावी यांच्यात दोन वर्षांचं अंतर लागतं, दोन्ही रस्त्यांना. म्हणजे दहावी जितकी लांबेल तितकी बारावी पुढे जाईल. कुणी सांगेल की मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करा आणि थेट बीएला जा. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या त्या वाटेने अनेक जण पदवीधर झाले, मला त्यांचा आदर आहे. पण पूर्वतयारी म्हणजे बारावी नव्हे. जिथे जाहिरातीत बारावीची गुणपत्रिका मागितली असेल तिथे ती चालेल असं धरून चालू नका.

आता कागद. माझ्या मते अभ्यासापेक्षा जास्त लोक इथे गळतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तुमचं माहेरचं नाव असणार, आधारवर सासरचं. जन्मतारखेचाही घोळ असतो. आपल्याकडे निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण गुरुजींनी शाळेत घालताना तीच तारीख टाकली, आणि आधारवर दुसरीच लागलेली असते. हे फॉर्म भरायच्या आधी सोडवा, कारण दहावीच्या प्रमाणपत्रावरची तारीख पुढे जन्मभर पुरते. दाखला हरवला असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरवरून द्वितीय प्रत मिळते. शाळा बंद पडली असेल तर गटशिक्षणाधिकारी कार्यालयात तिचं दप्तर कुठे गेलं ते विचारा. विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसेल तर आधी तो काढा. नावाच्या बदलाला तो जोडावा लागतो, आणि तिथे नुसती लग्नपत्रिका चालेल यावर विसंबू नका.

गणिताकडे येते, कारण तुमच्या पत्रातली खरी धास्ती तीच दिसते. माझ्या वर्गात एक भाजीवाल्या ताई होत्या. फळ्यावर तीन चतुर्थांश गुणिले साठ लिहिलं आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. मला हे कधीच आलं नाही, म्हणाल्या. मी विचारलं, वांगी साठ रुपये किलो, पाऊण किलो दिली, किती घ्याल? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत पंचेचाळीस आले. मग विचारलं, कसं काढलंत? अर्ध्याचे तीस, पावाचे पंधरा. मी तेच फळ्यावर आकड्यांत लिहिलं, एक द्वितीयांश आणि एक चतुर्थांश, बेरीज तीन चतुर्थांश. त्यांनी ते वहीत दोनदा उतरवलं आणि खाली सव्वा किलोचं, दीड किलोचं स्वतःच मांडलं. त्यांना गणित येत होतं. कागदावर मांडायची रीत तेवढी कुणी दाखवली नव्हती.

तुमच्याकडेही असा साठा आहे. अंगणवाडीत बाळाचं वजन घेऊन सेविका वाढीच्या तक्त्यावर टिंब देतात, आडवं वय, उभं वजन. ते टिंब जोडून रेघ वर जाते की सपाट होते हे तुम्ही कितीदा पाहिलं असेल. दहावीच्या आलेखात यापेक्षा वेगळं काही नाही. म्हणून दहावीचं गाइड उघडून सुरुवात करू नका, त्याने फक्त धीर खचतो. पाचवीचं पुस्तक घ्या. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट आहेत. स्थानिक किंमत, भागाकार, अपूर्णांक, दशांश, शेकडेवारी, या क्रमाने. भागाकार पक्का झाल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण अपूर्णांक आणि शेकडेवारी दोन्ही त्याच्यावरच उभी आहेत. तुमची लेक सहावीत आहे म्हणालात, तिच्याच वहीत तिच्याबरोबर सोडवा. तिला समजावून सांगताना जिथे तुम्ही थांबाल तिथेच तुमचं कच्चं आहे, हे लगेच कळतं.

हे वर्षभर करून हात बसला आणि वाटलं की जमतंय, तर गणित सहावा विषय म्हणून घ्या. एनआयओएसमध्ये पाचाच्या वर जादा विषय घेता येतात. नाही जमलं तरी दहावी अडत नाही.

दुसरी तयारी लिहिण्याची. वीस वर्षं सहीपलीकडे काही लिहिलं नसेल तर पेपरात अर्ध्या तासात मनगट भरून येतं. उत्तर येत असून लिहून होत नाही, याने जेवढे गुण जातात तेवढे न येण्याने जात नाहीत. आजपासून रोज एक पान लिहा. पेपरातली बातमी वाचायची, पेपर मिटायचा, आणि आठवेल ते स्वतःच्या शब्दांत लिहायचं. याने मराठीचा अभ्यासही होतो. अभ्यासाची वेळ घरात सगळ्यांना ठाऊक असू द्या. लपूनछपून केलेला अभ्यास पहिल्या पाहुण्याबरोबर बंद पडतो.

लोक काय म्हणतील, हे तुम्ही दोनदा लिहिलंय. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली, दिवसभर राबून आलेले मोठे बाप्ये आणि बाया तिथे पाटी घेऊन बसत. मोठ्या वयात शिकणं ही आपल्याकडची जुनी आणि मानाची गोष्ट आहे. हिणवणाऱ्याला ते माहीत नसेल, तुम्हाला माहीत असू द्या. घराजवळ रात्रशाळा असेल तर तिथेही डोकावा. मुंबईत मासूम ही संस्था २००८ पासून रात्रशाळांबरोबर काम करते, आणि प्रथम या संस्थेचा सेकंड चान्स हा उपक्रम शाळा सुटलेल्या मुली-बायकांची दहावीची तयारी करून घेतो. तुमच्या तालुक्यात असं काही चालतं का, याची चौकशी पंचायत समितीच्या शिक्षण विभागात करा.

आणि कृपा करून ‘परीक्षेला न बसता घरबसल्या दहावी’वाल्या पाट्यांच्या नादी लागू नका. माझ्या एका विद्यार्थ्याने अशा ठिकाणी साठवलेले पैसे भरले. गुणपत्रिका मिळाली, रंगीत आणि शिक्क्यानिशी, आणि नोकरीच्या पडताळणीत ती बोगस निघाली. नोंदणी स्वतःच्या मोबाइलवरून, मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावरच करा आणि शुल्काची पावती जपून ठेवा. ज्यांनी दहावीची परीक्षा दिली आणि एकदोन विषय राहिले, त्यांच्यासाठी एक सांगते: तुम्हाला १७ नंबर लागत नाही, पुनर्परीक्षार्थी म्हणून बसता येतं. किंवा एनआयओएसला जाऊन पास झालेले दोन विषयांपर्यंतचे गुण तिकडे वळवून घेता येतात.

आता दीर. वय २६, सातवी पास, गावात वेल्डरच्या हाताखाली काम, आखाताचा विचार. त्यांना मी आधी आठवी करायला सांगेन. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाची आठवीची परीक्षा मोठ्या माणसांनाही देता येते. आयटीआयमध्ये वेल्डरला आठवी चालते आणि तो कोर्स एका वर्षाचा आहे. इलेक्ट्रिशियन म्हणत असतील तर मात्र गणित-विज्ञानासह दहावी हवी, मग विषय त्याप्रमाणे घ्यावे लागतील. आखाताला जायचं तर दहावीचा आणखी एक उपयोग आहे. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर सहसा ईसीआरचा, म्हणजे ‘परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी हवी’ असा शेरा पडतो आणि आखाती देशांत कामाला जाताना सरकारी परवानगी घ्यावी लागते. दहावी झाली की तो शेरा लागत नाही. त्यामुळे एजंटाला पैसे देण्याआधी त्यांनी दहावीचाही विचार करावा. वेल्डिंगचा दाखला आणि दहावी दोन्ही हातात असली तर पगार ठरवताना त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल.

तुमचा दाखला हातात आला की त्यावरची आणि आधारवरची तारीख जुळते का, ते आधी कळवा. मग पाच विषय आणि कोणते दोन पहिल्या सत्रात द्यायचे ते ठरवू.