रक्तवाहिन्यांची सूज पेट-सीटीत दिसते का?

तुम्ही लिहिलंय की बहिणीचं वय २८, डाव्या हाताची नाडी लागत नाही आणि ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेला, म्हणजे डॉक्टरांना ताकायासूचा, म्हणजे मोठ्या धमन्यांना सूज येणाऱ्या आजाराचा, संशय असणार. हो, महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) आणि तिच्या मोठ्या फांद्यांची सूज पेट-सीटीत दिसते. सुजलेली भिंत इंजेक्शनने दिलेली किरणोत्सारी साखर जास्त शोषते आणि स्कॅनमध्ये चमकते. ती चमक यकृताशी ताडून पाहतात: यकृतापेक्षा जास्त असेल तर सूज जवळपास नक्की, तेवढीच असेल तर शंकास्पद. बारीक वाहिन्यांचा आजार मात्र यात सापडत नाही, त्यासाठी बहुधा बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) लागते.

खरी गडबड तयारीत होते. किमान ६ तास उपाशी, फक्त साधं पाणी. सकाळचे तर्री-पोहे सोडाच, साखरेचा चहासुद्धा नको. रक्तातली साखर शक्यतो १२६ मिग्रॅ/डेसिलिटरच्या आत हवी. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचं, आणि अंगावर पांघरूण हवं. नागपूरच्या उन्हातून थेट गार एसीत गेलं की थंडीने मानेतली तपकिरी चरबी (शरीर गरम ठेवणारी) तीच साखर शोषून पेटते आणि तिथल्या धमन्या वाचणं अवघड होतं.

स्टिरॉइड सुरू झालं असेल तर आधीच सांगा. काही दिवसांतच चमक ओसरते आणि स्कॅन खोटाच 'नॉर्मल' येऊ शकतो. पण स्कॅनसाठी गोळ्या मनाने थांबवू नका. गरोदरपणाची शक्यता असेल तर तेही सांगा, मग किरणोत्सर्ग नसलेली एमआर अँजिओग्राफी (धमन्यांचा एमआरआय) बरी. धमनी कुठे किती अरुंद झाली, हेही त्यात जास्त स्पष्ट कळतं.

दोन्ही हातांचं बीपी मोजून कागदावर न्या.