सहा महिन्यांचं इंजेक्शन लांबलं तर?

प्रश्न : आईचं वय 69. हाडं ठिसूळ झाल्यामुळे तिला दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन देतात. मागचं मार्चच्या सुरुवातीला झालं, पुढचं चवथीच्या गडबडीत राहिलं. आता दिवाळीनंतर घेतलं तर चालेल ना? हे औषध नेमकं करतं तरी काय?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : दिवाळीपर्यंत थांबू नका, याच आठवड्यात डॉक्टरांना गाठा. मागच्या डोसला सात महिने पुरे होऊ देऊ नयेत.

हाड सतत झिजत आणि भरत असतं. झिजवण्याचं काम ऑस्टिओक्लास्ट पेशींचं. त्यांच्या पूर्वपेशींवर ‘रँक’ नावाचा रिसेप्टर, म्हणजे संदेश झेलणारं प्रथिन, असतो. हाडातल्या इतर पेशींनी सोडलेलं रँक-लायगँड हे प्रथिन त्याला चिकटलं, की या पूर्वपेशी एकमेकींत मिसळून मोठी ऑस्टिओक्लास्ट तयार होते आणि आम्ल सोडून हाड विरघळवते. शरीर यावर लगामही ठेवतं : ओपीजी हे प्रथिन रँक-लायगँडला वाटेतच पकडतं. पाळी गेली, इस्ट्रोजेन घटलं, की हा लगाम सैल पडतो. 60 मिलिग्रॅमचं तुमचं इंजेक्शन ओपीजीचंच काम करतं.

मग उशिराची एवढी धास्ती का? झोलेड्रोनिक ॲसिड हे ठिसूळ हाडांवरचं दुसरं औषध हाडाला चिकटून राहतं, डेनोसुमॅब राहत नाही. दरम्यान पूर्वपेशी नुसत्या खोळंबलेल्या असतात. औषध ओसरलं की भरतीच्या वेळी मानशीचं, म्हणजे बांधातलं पाणी अडवणारं, दार निसटावं तशी झीज सुरू होते, तीही उपचारापूर्वीपेक्षा जोरात. न पडता-झडता पाठीचे दोन-तीन मणके एकदम दबलेले रुग्ण यातूनच येतात. आईची पाठ अचानक दुखू लागली तर ‘वात असेल’ म्हणून तेल चोळत बसू नका, एक्स-रे काढा.

इंजेक्शनआधी रक्तातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, मूत्रपिंड अधू असेल तर नक्कीच. कॅल्शियम कमी असताना दिलं तर ओठांभोवती मुंग्या, हातापायांत पेटके येतात. दात काढायचा असेल तर दंतवैद्यांना या औषधाची आधीच कल्पना द्या.

मडगावहून इंजेक्शन आणत असाल तर ते बर्फाला थेट टेकू देऊ नका. गोठलं की वाया गेलं. 2 ते 8 अंशांत ठेवा, टोचण्याआधी अर्धा तास बाहेर काढा, गरम पाण्यात धरू नका.

पुढेमागे बंद करायचं ठरलंच, तर नुसतं सोडून द्यायचं नाही. पुढच्या डोसच्या सुमारास झोलेड्रोनिक ॲसिडसारखं दुसरं औषध सुरू करावं लागतं, ते कोणतं आणि कधी हे डॉक्टरांशी आधीच ठरवा.