आधी स्वतःचं बघू की प्रतिनिधीपद सांभाळू?

प्रश्न : सर, आई शेतमजूर आहे. मी ‘कमवा आणि शिका’त ग्रंथालयात काम करून शिकतो. यंदा राष्ट्रीय सेवा योजनेचा विद्यार्थी प्रतिनिधी झालो. मामा म्हणतात, आधी स्वतःचं बघ. पद सोडू का?

उत्तर : मामांची काळजी खरी आहे, तरी सोडू नकोस. योजनेचे तास ठरलेले असतात : वर्षाला १२०, शिवाय सात दिवसांचं शिबिर. तेवढं तुला झेपेल. जीव खातात ती वरची कामं : मंडप, फलक, पाहुण्यांची ने-आण. ती इतरांना वाटून दे आणि परीक्षेच्या काळात मोकळीक हवी, हे कार्यक्रम अधिकाऱ्यांना आत्ताच सांग.

मीही वसतिगृहात भाकरी वाढून शिकलो. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांना एका छताखाली आणलं. ती मुलं राबून शिकली. या गोष्टीचा मला फार आधार वाटायचा.

तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी सुखवस्तू प्रतिनिधीकडे नसते. उत्पन्नाचा दाखला कसा काढायचा, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावरचा अर्ज कुठे अडतो, बँक खातं आधारशी जोडलेलं नसलं की शिष्यवृत्ती कशी रखडते, हे तू भोगलं आहेस. पहिल्या वर्षाच्या मुलांचे अर्ज भरून द्यायला आठवड्यातली एक दुपार ठेव. शिबिराच्या समारोपाला मामांना मात्र आग्रहाने बोलव.