बीपीची गोळी चालू असताना सर्दी-अॅलर्जीची गोळी पंधरा-पंधरा दिवस घेतली तर चालते का?

वडील ६४ वर्षांचे, बीपीची गोळी चालू, दर ऑक्टोबरात शिंका आणि नाक चोंदणं, मग मेडिकलमधून सर्दीची गोळी आणून सकाळ-संध्याकाळ पंधरा दिवस. तुम्ही टोकलं की म्हणतात, "साधीच गोळी आहे." असा तुमचा प्रश्न. 'साधीच गोळी' हे दोन शब्द वाचले आणि हातातलं काम टाकून लिहायला बसले.

उत्तर आधीच देते: नाही चालत.

मी डी. फार्म. केलंय, नाशिकला एका हॉस्पिटलच्या फार्मसीत काउंटरवर एकोणीस वर्षं झाली. माझ्या मोठ्या भावाच्या भाषेत, गोळ्या मोजून देणारी. माहेर निफाड तालुक्यात, घरची कांद्याची शेती. उन्हाळ कांदा चाळीत भरून ठेवायचा आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास भाव बघून बाहेर काढायचा, निवडायचा, लासलगावला न्यायचा. चाळ फोडली की टरफलांचा भुगा उडतो, आणि खराब कांद्यावरची काळी बुरशी काजळीसारखी बोटांना लागते. नानांना, म्हणजे आमच्या वडिलांना, त्या धुळीचा वर्षानुवर्षं त्रास. एकामागून एक वीस-वीस शिंका, डोळे लाल, रात्री तोंडाने श्वास. पण बायकांबरोबर पाटावर बसून कांदा निवडायचा सोडणार नाहीत.

२०१६ चा ऑक्टोबर. नाना सत्तर वर्षांचे. दादाने गावातल्या मेडिकलमधून दहा गोळ्यांची स्ट्रिप आणली. आत काय, तर क्लोरफेनिरामिन, फिनाइलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल. आम्ही फार्मसीवाले पहिल्याला सीपीएम म्हणतो. ही जुनी अॅलर्जीची गोळी, शिंका आणि पाणी थांबवते. फिनाइलेफ्रिन नाकातल्या फुगलेल्या रक्तवाहिन्या आवळून नाक मोकळं करायला घातलेलं असतं. पॅरासिटामॉल ताप-अंगदुखीला. नानांना ताप नव्हता. शिंकांसाठी तीन औषधं पोटात जात होती.

मला फोनवर कळलं तेव्हा दादाला म्हटलं, "ही नको देऊस त्यांना, बीपी आहे." तो म्हणाला, "बीपी कंट्रोलमध्ये आहे. आणि तू डॉक्टर कधी झालीस?" फोन ठेवला. मीही पुढे बोलले नाही.

तिसऱ्या दिवशी नाक उघडेना म्हणून दादा त्यांना शेजारच्या गावात डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथून कागदाच्या पुडीत गोळ्या मिळाल्या. दोन्ही गोळ्या सोबत सुरू. आपण आधीच एक गोळी घेतोय हे नानांनी डॉक्टरांना सांगितलं नाही, डॉक्टरांनीही विचारलं नाही. ती पुडी पुढे मी उघडली. स्ट्रिपचे कात्रीने कापलेले चौकोन होते, नाव कापून गेलेलं. एका चौकोनाच्या कडेला अक्षरांचा शेवटचा तुकडा राहिला होता, 'फ्रिन' एवढाच. म्हणजे तेच मिश्रण असणार, वेगळ्या कंपनीचं. दोन दिवस नाना दुप्पट डोस घेत होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

त्या दुसऱ्या दिवसाच्या रात्री अकराला आईचा फोन. दुपारपासून लघवी झाली नव्हती. दादाने उष्णता झाली म्हणून धन्याचं पाणी पाजलं, मग आणखी दोन तांबे साधं पाणी. तुंबलेल्या पोटात आणखी पाणी. नाशिकला आणेपर्यंत नाना जीपमध्ये मागच्या सीटवर गुडघ्यावर उभे होते, बसता येत नव्हतं. ओटीपोट नारळासारखं टणक. कॅज्युअल्टीत नळी घातली तेव्हा जवळजवळ ९०० मिली लघवी निघाली. बीपी १७८/१००, त्यात वेदनेचाही हात असणार. आयुष्यात कधी कुणापुढे हात न पसरलेला माझा बाप त्या नर्सचे हात धरून रडला. नळी आठवडाभर राहिली.

असं का होतं, ते मुळातून सांगते, कारण दादाने आजतागायत हे नीट ऐकून घेतलेलं नाही.

लघवी व्हायला दोन गोष्टी जमाव्या लागतात. मूत्राशयाचा स्नायू आकसायला हवा आणि त्याच्या तोंडाशी असलेला स्नायू सैल पडायला हवा. सीपीएम नाक कोरडं करतं तसं तोंडही कोरडं करतं, बद्धकोष्ठ करतं, आणि त्याच गुणाने मूत्राशयाच्या स्नायूचा जोर कमी करतं. म्हणजे ढकलणारा हात ढिला. फिनाइलेफ्रिनचं काम आवळण्याचं, म्हणूनच बीपीवाल्यांना त्याची भीती. पेशींवरच्या ज्या प्रकारच्या खुणांवर (रिसेप्टरवर) बसून ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्याच प्रकारच्या खुणा मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये, म्हणजे पुरुषांच्या मूत्रमार्गाभोवतीच्या ग्रंथीत, असतात. नाना आधीच्या वर्षापासून प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिन घेत होते. ती गोळी त्याच खुणांवर बसून तो भाग सैल करते. एक गोळी कुलूप उघडायला आणि दुसरी तेच कुलूप लावायला, एकाच माणसाच्या पोटात.

दादाचं म्हणणं, वय झालं होतं, कधी ना कधी व्हायचंच होतं. वर हाही मुद्दा की गोळी दोन-तीन रुपयांची, त्यात एवढं काय असणार! प्रत्येक दिवाळीला हे निघतं. २०२४ मध्ये त्याला नवीन हत्यार मिळालं. अमेरिकेच्या एफडीएच्या, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेच्या, सल्लागार समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये, १६ पैकी १६ जणांनी, सांगितलं होतं की तोंडावाटे घेतलेल्या फिनाइलेफ्रिनने नाक मोकळं होत नाही. त्यातलं बरंचसं आतड्यात आणि यकृतातच निकामी होतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये एफडीएने ते तिथल्या विनाचिठ्ठीच्या गोळ्यांतून काढायचा प्रस्ताव मांडला. दादाने ती बातमी घरच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "औषध चालतच नाही म्हणे. मग नानांना कसं बाधलं?"

प्रश्न बिनतोड वाटतो, म्हणून त्याचं उत्तर इथे देते. त्या गोळीत फिनाइलेफ्रिन एकटं नव्हतं, दादा. सीपीएम पुरेपूर चालतं, आणि नानांच्या बाबतीत मी मोठा दोष सीपीएमलाच देते, तोही दुप्पट झालेल्या. फिनाइलेफ्रिनचा वाटा कमी असेल, मान्य. पण बीपी आणि प्रोस्टेटवाल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये ही सूचना त्याच्यासाठी आजही कायम आहे. त्या बातमीचा अर्थ एवढाच की ज्या नाक चोंदण्यासाठी तू गोळी आणलीस त्याचा फायदाही मिळत नव्हता. शिंका थांबल्या त्या सीपीएममुळे, आणि झोप लागली तीही त्याच्यामुळेच. सकाळी ट्रॅक्टरवर नाना पेंगत होते ते वेगळंच.

प्रोस्टेट मुळात वाढलेलं होतं हे खरं. गोळी नसती तरी पुढे कधीतरी लघवी अडली असती का, हे कुणी छातीठोक सांगू शकत नाही. पण त्याआधी एकदाही अडली नव्हती आणि त्यानंतरही आजवर नाही.

आता तुमच्या वडिलांकडे येते. स्ट्रिपचं पुढचं नाव सोडून द्या, मागची बारीक अक्षरं वाचा. नाव तेच ठेवून आतली औषधं बदलल्याची उदाहरणं आहेत. पूर्वी याच गोळ्यांत फिनाइलप्रोपॅनोलामिन असायचं. २००० साली अमेरिकेतल्या अभ्यासात त्याचा मेंदूतल्या रक्तस्रावाशी संबंध दिसला आणि आपल्याकडे त्याच्या बंदीची अधिसूचना निघायला २०११ उजाडलं. तेव्हाही लोक 'साधीच गोळी' म्हणूनच घेत होते. काही गोळ्यांत स्यूडोएफेड्रिन असतं. त्याने नाक खरंच मोकळं होतं, पण बीपी आणि धडधड वाढायची भीतीही खरी. बीपीवाल्या माणसाने ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात टाकू नये. पॅरासिटामॉल असेल तर वर तापाची वेगळी गोळी घेताना दोन्हींची बेरीज करा.

आणि पंधरा दिवस कशाला? ही गोळी फार तर तीन-चार दिवसांच्या सर्दीसाठी. दर ऑक्टोबरला येते ती सर्दी नव्हे, अॅलर्जी, आणि तिचा इलाज वेगळा. डॉक्टरांना विचारून फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोनचा नाकाचा स्प्रे, तोही रोज. चार-सहा दिवसांनी खरा गुण दिसतो. लोक दोनदा मारून "काही उपयोग नाही" म्हणतात आणि बाटली कपाटात ठेवतात. गोळीच हवी तर नुसती अॅलर्जीची घ्या, आवळणारं औषध मिसळलेलं नसलेली. फेक्सोफेनाडिनने झोप सगळ्यात कमी येते, मात्र ती पाण्याबरोबर घ्यायची, फळांच्या रसाबरोबर घेतली तर अंगी कमी लागते. सेट्रिझिन, लेव्होसेट्रिझिनने काहींना चांगलीच पेंग येते, आणि किडनी कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. उकळून थंड केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुतलं तरी निम्मं काम होतं. नाक लगेच उघडणारे थेंब मिळतात, झायलोमेटाझोलिन वगैरे, ते तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढे थेंब सोडला की नाक आधीपेक्षा जास्त चोंदतं आणि माणूस बाटलीला चिकटतो.

मेडिकलवाल्याने कापून दिलेल्या सुट्या गोळ्या घेऊ नका. घ्याव्याच लागल्या तर नाव आणि एक्सपायरी असलेला तुकडा मागून घ्या. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या स्ट्रिपा पिशवीत टाकून न्या. नानांच्या खाटेखाली आता तशी एक कापडी पिशवी असते.

काचबिंदू, थायरॉइड वाढलेलं, हृदयाचा त्रास, पार्किन्सनसाठी सेलेजिलिन किंवा रासाजिलिन चालू, यातलं काहीही असेल तर ही मिश्र गोळी विचारल्याशिवाय नकोच. दारू घेत असतील तर त्या दिवशी सीपीएम नाही. घरातल्या लहानग्याला मोठ्यांची गोळी अर्धी करून देणं तर बंदच करा. चार वर्षांखालच्या मुलांना हे मिश्रण देऊ नये असं लेबलवर छापायला केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं.

मी फार्मासिस्ट आहे, तुमच्या वडिलांना पाहिलेलं नाही. बीपीची गोळी माझं वाचून बंद करू नका. ओठ-जीभ सुजली, दम लागला, किंवा पोट फुगून लघवी अडली, तर पाणी पाजत बसू नका, थेट कॅज्युअल्टी गाठा.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही. वडील रात्री लघवीला किती वेळा उठतात? धार बारीक झालीय का? चौसष्टीच्या पुरुषाला हे विचारायलाच हवं, आणि बाप हे मुलाला आपणहून सांगत नाही. नानांनी सांगितलं होतं फक्त मला, तेही मी औषधांत काम करते म्हणून. "दादाला कळू देऊ नकोस" अशी शपथ घातली होती. रात्रीची ती टॅम्सुलोसिन बीपीचीच आहे असं दादा समजत होता. त्या दिवशी फोनवर मी त्याला बीपीचं कारण दिलं, खरं कारण दिलंच नाही. दादा, हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, आज सांगते.

तुम्ही आजच विचारा. घरात इतर कुणी नसताना, चहा पिताना वगैरे. पहिल्यांदा ते "काही नाही रे" म्हणतील. परत विचारा.